निरभ्र दिवशी गेलेला सिग्नल

मंगळवारी सकाळी तापमान उणे चोवीस होतं, आभाळ स्वच्छ होतं, वारा जवळजवळ नव्हता, आणि दुपारी एक वाजता टीव्ही लावला तर सिग्नल नव्हता.

हे सगळं माझ्या वहीत आहे. गेली अकरा वर्षं मी रोज सकाळी सात वाजता अंगणातल्या फळीवर पडलेला बर्फ मोजते, तो वितळवून पाणी मोजते आणि आकडे हवामान खात्याला कळवते. असे हौशी लोक आमच्या सस्कॅचेवान प्रांतभर आहेत. वहीतला शेवटचा रकाना शेऱ्यांसाठी असतो. एरवी मी त्यात ‘कोल्हा दिसला’ किंवा ‘धुकं, दहापर्यंत’ असं काहीतरी लिहिते. फेब्रुवारीच्या त्या आठवड्यात मात्र तिथे दोनच गोष्टी होत्या. सिग्नल किती वाजता गेला आणि बाबा किती वाजता गेले.

बाबा जायचे ते कॉलीनकडे. कॉलीन माझ्या धाकट्या भावाची, केंटची बायको. त्यांचं शेत आमच्यापासून आठ किलोमीटर उत्तरेला आहे. त्यांच्या छपरावर नवी मोठी डिश आहे, तिला मागून हीटर आहे, त्यामुळे तिच्यावर बर्फ ठरत नाही. आमची डिश अठरा वर्षांची. ती अंगणाच्या टोकाला खांबावर बसवलेली आहे, छातीच्या उंचीवर, म्हणजे बर्फ साचला की झाडूने झाडता येतो.

राष्ट्रीय महिला कर्लिंग स्पर्धा नऊ दिवस चालते आणि त्या नऊ दिवसांत आमच्या गावात कुणी दाताच्या डॉक्टरचीसुद्धा वेळ घेत नाही. बर्फाच्या लांब पट्टीवरून वीसेक किलोचा दगड सरकवायचा, पुढे दोघींनी झाडूने बर्फ घासत पळायचं, आणि दगड पलीकडच्या वर्तुळात जितका मध्याजवळ थांबेल तितकं चांगलं. एका संघाचे दगड लाल, दुसऱ्याचे पिवळे. बाहेरच्या माणसाला यात बघण्यासारखं काय आहे ते कळत नाही. बाबा मात्र दगड बघतच नाहीत. ते बर्फ बघतात. गावाच्या रिंकवर त्यांनी छत्तीस वर्षं बर्फ बनवला.

नुसतं पाणी गोठवून भागत नाही. गुळगुळीत बर्फावर दगड अडतो. म्हणून पाठीवर गरम पाण्याचा डबा अडकवायचा, हातात झारीसारख्या तोंडाची नळी धरायची, आणि मागे मागे चालत, हात झुलवत, पट्टीभर थेंब शिंपडत जायचं. थेंब पडल्या जागी गोठतात. आम्ही त्यांना दाणे म्हणतो. दगड त्या दाण्यांवरून चालतो. दाणे बारीक की जाड, दाट की विरळ, यावर सगळा खेळ. अकराव्या वर्षापासून मी थर्मामीटर घेऊन बाबांच्या पुढे चालायचे, ते मागे मागे येत आणि मी आकडा सांगायचे. पुढे मी रसायनशास्त्र शिकले, मातीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली, आणि नळाच्या पाण्यातल्या क्षारांमुळे दाणे लवकर झिजून बसतात हे मीच त्यांना दाखवून दिलं. तेव्हापासून रिंकवर डिस्टिल्ड पाणी वापरतात. ते मी प्रयोगशाळेतून आणायचे. आता बाबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि आई गेल्यापासून, म्हणजे सात वर्षं, आम्ही दोघंच राहतो. डिस्टिल्ड पाण्याच्या दोन बुधल्या अजूनही घरात असतात, सवयीने.

मला बाबा घरी हवे होते. बाकी काही नाही. संध्याकाळी दोन खुर्च्या, मध्ये दिवा, समोर खेळ, आणि बाबांनी म्हणावं, बघ तो दगड कसा वळतोय. एवढंच.

पहिल्या शनिवारी खरोखरच ओला, जड बर्फ पडला. चित्राचे चौकोन झाले, चौकोन थिजले, आणि मग निळा पडदा आला. ओल्या बर्फात हे व्हायचंच. मी झाडू घेऊन बूट घालेपर्यंत बाबांनी फोन केला होता. बारा मिनिटांत कॉलीनची गाडी दारात.

“ऑझी, बूट चढव लवकर. तिसरा डाव चाललाय,” ती दारातूनच म्हणाली.

“आलो, आलो. श्वास तरी घेऊ दे,” बाबा म्हणाले. ते हसत होते.

“श्वास गाडीत घे. मर्ना, तूपण चल ना. सूप पातेलंभर आहे.”

“नको. मला वही पुरी करायचीय,” मी म्हणाले.

वहीचं काम चार मिनिटांचं असतं.

बाबांचं नाव ऑस्मंड. गाव त्यांना ऑझी म्हणतं आणि कॉलीनही ऑझी म्हणते, अरे-तुरे करते. आमच्याकडच्या सगळ्याच सुना तसं करतात, त्यात वावगं काही नाही. फक्त मी कधी केलं नाही. मी त्यांना बाबा म्हणते आणि अहो-जाहो करते, आणि पंचावन्न वर्षं मला वाटत होतं की जवळ असण्याची हीच रीत आहे.

रिंकच्या हॉलमध्ये एक फोटो आहे. एकोणीसशे चौऱ्याण्णव साली कॉलीनच्या संघाने प्रांताची स्पर्धा जिंकली, आमच्या गावात, बाबांनी बनवलेल्या बर्फावर. फोटोत चार मुली आहेत, मध्ये बाबा, आणि कॉलीनचा हात त्यांच्या खांद्यावर. तेव्हा तिचं केंटशी लग्नही झालेलं नव्हतं. फोटो मी काढलाय.

रविवार, सोमवार सिग्नल ठीक होता. बाबा घरीच होते. दोन खुर्च्या, मध्ये दिवा. बाबा फारसे बोलले नाहीत. सोमवारी एकदा म्हणाले, “पाचव्या डावापासून बर्फ जड झालाय.”

“प्रेक्षक वाढले की हॉलमधली आर्द्रता वाढते,” मी म्हणाले. “दोन हजार माणसं तासाला शंभरेक लिटर पाणी श्वासातून आणि घामातून सोडतात.”

“असेल,” बाबा म्हणाले.

आणि मंगळवारी सिग्नल गेला. मंगळवार आणि गुरुवार सकाळी मी गावातल्या धान्याच्या कोठारावर नमुने तपासायला जाते. दुपारी घरी आले, टीव्ही लावला, तर निळा पडदा. खिडकीतून बघितलं तर डिश स्वच्छ होती, तिच्यावर बर्फाचा कण नव्हता. कोरड्या थंडीत सिग्नल जात नाही. उणे चोवीसला हवेत पाणी जवळजवळ नसतंच. मी डिशची पेटी बंद करून चालू केली, मागच्या तारा काढून लावल्या. बाबा तोवर कोट घालून दारात बसले होते.

“म्हातारी झाली डिश,” ते म्हणाले. “माझ्यासारखी.”

“बघते मी काय झालंय ते.”

“राहू दे गं. कॉलीन निघालीये.”

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ते घरातल्या सपाता घेऊन जात नव्हते. आमच्याकडे दुसऱ्याच्या घरी जाताना पिशवीतून आपल्या सपाता नेतात. मी बाबांच्या खोलीत जाऊन पाहिलं. पलंगाखाली सपाता नव्हत्या. त्या कॉलीनकडेच ठेवलेल्या होत्या.

बुधवारी ऊन होतं, तरी सिग्नल नाही. गुरुवारीही नाही. तीन दिवसांत बाबा एकोणीस तास चाळीस मिनिटं तिकडे होते. हाही आकडा वहीत आहे, पेन्सिलने. घरी आले की त्यांच्या स्वेटरला कॉलीनच्या कांद्याच्या सुपाचा वास यायचा आणि आवाज बसलेला असायचा. “ओरडत होता काय तुम्ही?” मी विचारलं तर म्हणाले, “थोडंफार.” माझ्यासमोर बाबा कधी ओरडलेले नाहीत.

बुधवारी संध्याकाळीच मी डिश कंपनीला फोन केला होता. नवी डिश, मोठी, हीटरसकट. माणूस शुक्रवारी सकाळी येणार होता. म्हणजे शनिवारचे उपान्त्य सामने आणि रविवारचा अंतिम सामना घरी. मी हे बाबांना गुरुवारी रात्री जेवताना सांगितलं. त्यांनी पिरोगीचा, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंजीचा, तुकडा काट्याने दोनदा उलटा केला.

“हवामानापुढे डिशचं काय चालतंय,” ते म्हणाले.

“कॉलीनच्या डिशचं चालतं.”

तासाभराने कॉलीनचा फोन आला, म्हणजे त्यांनी तिला कळवलं असणार.

“अगं, कशाला त्या भानगडीत पडतेस?” ती म्हणाली. “तो इथे मजेत आहे. मला काही त्रास नाही.”

“मला माहीत आहे तुला त्रास नाही.”

“मग?”

“मग काही नाही. डिश जुनी झालीये, बदलतेय.”

“मर्ना, तू रागावलीस का?”

“मी रागावत नाही,” मी म्हणाले. फोन ठेवल्यावर मी धुतलेली पातेली पुन्हा एकदा धुतली.

शुक्रवारी सकाळी बर्फ मोजून झाल्यावर मी फावडं घेऊन डिशपर्यंतची वाट रुंद करायला गेले. पायवाट आधीच होती. पक्ष्यांना दाणा घालायचा खांब तिकडेच आहे आणि बाबा रोज एकदा जातात. जवळ गेले तेव्हा डिशवर सूर्य तिरपा येत होता. ती चमकत होती.

मी हातमोजा काढून बोट फिरवलं. डिशवर बर्फ होता, काचेसारखा पारदर्शक, म्हणून खिडकीतून कधी दिसला नाही. खालच्या अर्ध्या भागात करंगळीएवढा जाड, वर पातळ होत गेलेला. आणि त्याच्यावर दाणे होते. एकसारखे, दाट, डावीकडून उजवीकडे कमानीत पडलेले, कमानीच्या टोकाला थोडे बारीक. आकाशातून पडलेलं पाणी असं गोठत नाही. छपरावरून ठिबकलेलंही नाही. हे झारीतून पडलेलं पाणी होतं, आणि झारी धरणारा हात मागे मागे जात होता. आमच्या आसपासच्या चार गावांत असे दाणे घालता येणारा एकच माणूस आहे.

मी किती वेळ तिथे उभी होते ते वहीत नाही.

पहिला विचार सांगायचा तर तो बाबांचा नव्हता, कॉलीनचा होता. तिला हे माहीत असेल का? दोघं गाडीत हसत असतील का? मग वाटलं, नसेल माहीत. माहीत असतं तर तिने मला फोनवर विचारलं नसतं रागावलीस का म्हणून. तिला नुसतं असं वाटत असणार की हवामान तिच्या बाजूचं आहे. आणि बाबांना तिच्याकडे जायचं होतं म्हणून त्यांनी, ब्याऐंशी वर्षांच्या माणसाने, उणे चोवीसमध्ये हातमोजे काढून, नेम धरून, डिशवर रिंकसारखा बर्फ बनवला होता. माझ्यासाठी त्यांनी शेवटचा बर्फ कधी बनवला होता ते मला आठवेना.

कंपनीचा माणूस दहाला आला. वेस पॉलुक, माझ्याच वयाचा, त्याच्या आईच्या शेताची माती मी तपासलेली. गाडीत नवी डिश खोक्यात होती. तो खांबापाशी आला आणि थांबला.

“हे काय आहे?”

“बर्फ,” मी म्हणाले.

“ते दिसतंय बाई. पण हा असा?” त्याने नखाने दाणे खरवडले. “पाणी ओतलंय यावर. कुणी ओतलं गरम पाणी?”

बाबा मागच्या पायरीवर येऊन उभे होते, रिंकचं जुनं जाकीट घालून. अंतर पंधरा मीटर असेल. आवाज थंडीत चांगला जातो.

“मी,” मी म्हणाले. “बर्फ वितळवायला म्हणून.”

वेसने माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही?”

“हो.”

“तुम्ही तर सायन्सवाल्या ना? गरम पाणी ओतलं तर गोठणारच की. माझी आत्या करते असं, तिचं एक समजू शकतो.”

“चुकलं माझं.”

“चुकलं म्हणजे काय. शहरात सांगतो आता सगळ्यांना.” तो रबरी हातोडी काढून हलके हलके ठोकू लागला. “मागच्या हिवाळ्यात एकीने पॅनवर मारायचं तेल फवारलं होतं, बर्फ चिकटू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी कुत्रा डिश चाटत उभा. सिग्नल कुठून येणार, कुत्र्यातून?”

बर्फाच्या ढलप्या पडल्या. दाणे तसेच होते त्यांच्यावर, पायाशी. वेसने पुन्हा मीटर लावला. बर्फ फोडण्याआधी सिग्नलचा आकडा चौदा होता. आता अठ्ठ्याऐंशी.

“ही ठणठणीत आहे,” तो म्हणाला. “खरं सांगायचं तर नवी बसवलीत तरी ओल्या बर्फात जाणारच. थोडी उशिरा जाईल, लवकर परत येईल. हीटर आहे म्हणून वर साचणार नाही एवढंच. पण आभाळातल्या बर्फाला हीटर काय करणार? बसवू की नको, तुम्ही सांगा.”

“आधी कॉफी घे,” मी म्हणाले.

स्वयंपाकघरात वेसने खजुराच्या तीन वड्या खाल्ल्या आणि रस्त्यांबद्दल बोलला. बाबा कपात बघत होते. मी ठरवलं होतं की डिश बसवायची. बर्फ सापडल्यावर तर नक्कीच. हीटर असला की पाणी गोठणार नाही, पाणी गोठलं नाही की बाबांकडे सबब राहणार नाही. इतकं सरळ होतं ते.

तेवढ्यात बाबा म्हणाले, “वेस, बसवून टाक नवी.”

“ठरलं?”

“हो. मर्नाला हवीये ना. बसव. मी घरीच बघेन आता.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आईने रविवारी चर्चला चला म्हटलं की त्यांचा चेहरा असाच व्हायचा. जायचे ते. कधी नाही म्हणाले नाहीत. शेवटच्या बाकावर बसून, टोपी गुडघ्यावर ठेवून, तास संपेपर्यंत भिंतीकडे बघत राहायचे.

अर्ध्या तासापूर्वी मला हेच हवं होतं. आता दिसलं ते असं: दोन खुर्च्या, मध्ये दिवा, आणि बाबा टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेले. यंदा, पुढच्या वर्षी, जितकी वर्षं असतील तितकी. कॉलीनला ओरडणारे, घसा बसवून घेणारे ऑझी मिळणार आणि मला प्रायश्चित्त घेणारे बाबा. ही वाटणी मला नको होती.

“नको,” मी म्हणाले. “वेस, नवी नको. जुनी चालतेय.”

“आता हे काय? एकाला हवी, एकाला नको?”

“मीटरवर अठ्ठ्याऐंशी आहे. तूच म्हणालास ठणठणीत आहे.”

“म्हणालो खरा,” वेस म्हणाला आणि चौथी वडी घेतली. “पाणी तेवढं ओतू नका.”

तो गेल्यावर मी कप उचलले नाहीत. बाबांच्या समोर बसले.

“कधी ओतलंत?”

त्यांनी उत्तर दिलं, रिंकवर मी विचारायचे आणि ते सांगायचे तसं. “मंगळवारी दोन थर. गुरुवारी दोन. बुधवारी ऊन पडलं, कड सुटायला लागली होती.”

“पाणी?”

“किटलीतलं.”

“नळाचं?”

“छे. तुझ्या बुधलीतलं. नळाच्या पाण्याचे दाणे टिकतात होय?”

मला हसू आलं नाही. नंतर आलं, दोन दिवसांनी, गाडी चालवताना.

“सांगायचं होतंत. जायचंय म्हणून. मी अडवलं असतं का?”

“नसतं अडवलंस. जा म्हणाली असतीस. आणि मग मी परत येईपर्यंत घासलेली भांडी घासत बसली असतीस.” त्यांनी कप फिरवला. “हवामानामुळे गेलो तर तुला तेवढं लागत नाही. असं वाटलं मला.”

“तिथे काय आहे, बाबा? सूप?”

“सूप तिचं खारट असतं.”

“मग?”

“कॉलीन म्हणते, ऑझी, तुला काही कळत नाही. तुझा बर्फ जुन्या काळचा. मग मी तिला सांगतो, तू चौऱ्याण्णवला कुणाच्या बर्फावर जिंकलीस? मग ती म्हणते, तुझ्या बर्फामुळे नाही, तुझा बर्फ असूनही. असं चालतं. केंट तर उठून गोठ्यात जातो.” त्यांच्या चेहऱ्यावर ते नुसतं सांगतानाही रंग आला होता. मग तो गेला. “इथे मी काही म्हटलं की तू आकडा सांगतेस. तासाला शंभर लिटर. आता शंभर लिटरशी काय भांडणार मी?”

“आकडा चुकीचा होता का?”

“तुझा कधी चुकत नाही गं. लहानपणापासून नाही. तीच तर पंचाईत आहे.”

मी कप धुतले, एकदाच.

शनिवारी ते घरी राहिले. मी म्हटलं, जा, तर म्हणाले, उद्या जाईन. रविवारी दुपारी मी त्यांना गाडीने सोडलं. पश्चिमेला ढग खाली आले होते आणि तापमान उणे दोनपर्यंत चढलं होतं, म्हणजे येणारा बर्फ ओला असणार. कॉलीन दारात उभी होती, हातात बाबांच्या सपाता.

“ये गं आत,” ती मला म्हणाली. “आलीच आहेस तर.”

तिच्या मागे खोलीत बाबांची खुर्ची दिसत होती. म्हणजे तिची खुर्ची, पण खुर्चीच्या हातावर बाबांचा चष्म्याचा डबा होता. मला आत जाता आलं असतं. माझे पाय वळले नाहीत. ती खुर्ची मला बघवत नव्हती, हे खरं कारण. मी सांगितलं दुसरंच, गाडीचं इंजिन थंड होईल म्हणून.

घरी येऊन मी एकटीने अंतिम सामना लावला. चित्र स्वच्छ होतं. सहाव्या डावात शेजारच्या मॅनिटोबा प्रांताच्या कप्तानाने डाव्या कडेने टाकलेला दगड वर्तुळाच्या अलीकडेच थांबला. आठव्यात पुन्हा तेच. मी खुर्चीत पुढे सरकले. हॉलमधलं तापमान मला माहीत नव्हतं, आर्द्रता माहीत नव्हती, बर्फाचं तर नव्हतंच. माझ्याकडे एकही आकडा नव्हता. मी फोन उचलला.

बाबांनीच घेतला. “काय झालं?”

“डाव्या कडेला दंव धरलंय,” मी म्हणाले.

“कशावरून?”

“मला वाटतं.”

“दंव कसलं? दाणे झिजलेत. नऊ दिवसांचा खेळ झालाय त्या कडेवर.”

“मग उजव्या कडेचे का नाही झिजले? तिथेही नऊ दिवस झालेत.”

“तिथे कुणी इतकं टाकतच नाही.”

“टाकतात. तुम्ही बघितलं नाही. तुम्ही कॉलीनशी भांडत असाल.”

“मी बघितलं नाही?” त्यांचा आवाज चढला. “छत्तीस वर्षं मी दुसरं काय केलं? तुला दंव आणि झीज यातला फरक कळत नाही, मर्ना. पायाखाली घेतल्याशिवाय कळायचा नाही. दंवावर दगड कुरकुरतो.”

“टीव्हीत कुरकुर ऐकू येते होय तुम्हाला?”

“येते. तुला येत नसेल तर कान तपासून घे.”

ते ओरडत होते. माझ्यावर. मी फोन कानापासून थोडा दूर धरला, पण ठेवला नाही. मागे कॉलीन काहीतरी म्हणाली आणि हसली, आणि ते हसू मला नेहमीसारखंच टोचलं. नवव्या डावाच्या अखेरच्या दगडाला माझं चित्र थांबलं. झाडूवाली मुलगी वाकलेली, दगड तिच्या पुढे, मग चौकोन, मग निळा पडदा. खिडकीबाहेर मोठे, जड, ओले कण पडत होते, अगदी सरळ खाली.

“माझं गेलं,” मी म्हणाले.

“काय?”

“सिग्नल. खरोखरचा बर्फ आहे.”

“आमचं दिसतंय.” ते थांबले. “थांब मग. सांगतो. दगड येतोय. झाडू चालू आहेत. येतोय, येतोय. कडेला लागला पिवळ्याच्या. नाही, लाल. लाल सरकला मागे.”

“किती?”

“किती काय? हातभर.”

मागून कॉलीनचा आवाज आला. “हातभर कुठला, ऑझी, वीतभरसुद्धा नाही. आणि लाल नाही, पिवळाच सरकला. सगळं उलटं सांगतोयस तिला. आण तो फोन इकडे, मी सांगते.”

फोन हातातून हातात जाताना होतो तसा खरखराट झाला.

“कॉलीन,” मी मोठ्याने म्हणाले, “फोन त्यांच्याकडे दे.”

“अगं, तो चुकीचं सांगतोय.”

“सांगू दे,” मी म्हणाले. “मला त्यांच्याकडूनच ऐकायचंय.”

फोन पुन्हा खरखरला. मग बाबांचा श्वास ऐकू आला, आणि मग त्यांचा आवाज, अजून चढलेला.

“हां. तर दहावा, शेवटचा डाव. लालचा पहिला दगड. आता तू म्हणशील दंव.”

“म्हणणारच,” मी म्हणाले, आणि खुर्ची फोनच्या तारेजवळ ओढून घेतली.